स्मरणशक्तीची गोळी : आधी वजाबाकी, मग बेरीज

'डॉक्टर, डोके तल्लख राहील अशी एखादी गोळी लिहून द्या' ही विनंती माझ्यासारख्या कौटुंबिक डॉक्टरच्या कानी वारंवार पडते. विनंती एकच असली, तरी ती करणारे तीन प्रकारचे असतात. पहिले स्वतः ज्येष्ठ. ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी ओठांवर येत नाही, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, म्हणून ते मनातून धास्तावलेले असतात. दुसरे त्यांचे मुलगे, मुली आणि सुना. आई किंवा वडील शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलेले असतात आणि 'हल्ली यांच्या काही लक्षात राहत नाही' हे वाक्य त्यांच्या देखतच उच्चारले जाते. तिसरे म्हणजे परीक्षेला बसलेल्या नातवंडांसाठी विचारणा करणारे आजी-आजोबा.

तिघांना हवी असलेली वस्तू एकच, परंतु तिघांचे प्रश्न निराळे आहेत आणि त्यांची उत्तरेही निराळी आहेत. अनेक वर्षांच्या व्यवसायातून व वैद्यकीय पुराव्यांतून माझे जे मत बनले आहे, ते आरंभीच सांगतो. निरोगी माणसाची बुद्धी सुरक्षितपणे आणि कायमची वाढवील अशी गोळी आज उपलब्ध नाही. बुद्धी मंदावणाऱ्या गोळ्या मात्र पुष्कळ घरांतील औषधांच्या डब्यात आधीपासूनच आहेत. म्हणून नवी गोळी मागण्यापूर्वी जुन्या गोळ्यांचा हिशेब मांडावा. आधी वजाबाकी करावी, मग बेरजेचा विचार करावा.

विसरणे आणि स्मृतिभ्रंश

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. तिने दोन बाजूंनी नुकसान केले आहे. वयानुसार येणारे साधे विस्मरण म्हणजे आजारच, असे काहींना वाटू लागते आणि ते घाबरतात. उलट काही घरांत खरा आजार डोळ्यांसमोर वाढत असताना 'वय झाले, चालायचेच' म्हणून दोन-दोन वर्षे दुर्लक्ष होते.

या दोहोंतील फरक आपण घरीही बऱ्याच अंशी ओळखू शकता. लग्नात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकाचे नाव आठवले नाही आणि घरी परतताना रिक्षात एकदम आठवले, तर ते वयाचे विस्मरण होय. आठवण आत शिल्लक आहे, फक्त ती बाहेर यायला वेळ लागतो आहे. परंतु लग्नाला गेलो होतो हेच दुसऱ्या दिवशी आठवत नसेल, रोजच्या देवळातून घरी येण्याची वाट चुकत असेल, आयुष्यभर केलेल्या आमटीची कृती मध्येच थांबत असेल, पैशांचे साधे व्यवहार जमेनासे झाले असतील, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

भारतात ६० वर्षांवरील लोकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सुमारे ७.४ टक्के ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशातील अंदाजे ८८ लाख माणसे. हा आकडा लहान नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, १०० ज्येष्ठांपैकी ९२ हून अधिक जणांना हा आजार नाही. आपल्या विसरण्याची धास्ती बाळगणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानात ठेवावी.

बुद्धिवर्धक गोळीची साठ वर्षे

बुद्धी वाढवणारे रसायन ही कल्पना नवी नाही. १९६४ साली बेल्जियममधील एका औषध कंपनीत कॉर्नेलिउ जुर्जा या रुमानियन शास्त्रज्ञाने पिरासेटाम हे द्रव्य तयार केले. अशा औषधांसाठी 'नूट्रॉपिक' हा शब्दही त्यांनीच १९७२ मध्ये घडवला. ग्रीक भाषेतील मन आणि वळवणे या अर्थांच्या दोन शब्दांपासून तो बनला आहे. शिकण्याची व स्मरणाची क्षमता वाढावी, मेंदूला इजेपासून संरक्षण मिळावे आणि दुष्परिणाम जवळजवळ नसावेत, अशी त्यांची अपेक्षा होती.

ही अपेक्षा अजून पुरी झालेली नाही. पिरासेटाम आजही आपल्याकडे निरनिराळ्या नावांनी विकले जाते, अनेकदा सिटिकोलीन या दुसऱ्या औषधाशी जोडून. स्मृतिभ्रंश किंवा विस्मरण असलेल्या व्यक्तींवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्यासाठी त्याचा नियमित वापर करावा असा पुरावा मिळाला नाही. शिवाय हे औषध शरीरातून मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. उतारवयात मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असते, त्यामुळे मात्रा कमी करावी लागते. रक्त गोठण्यावरही त्याचा थोडा परिणाम होतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी.

'झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार' असे म्हणून घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये गिंको या चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क पुष्कळदा असतो. त्याची अमेरिकेत मोठी आणि काटेकोर चाचणी झाली. ७५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ३,०६९ व्यक्तींपैकी निम्म्यांना गिंको आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी सुमारे सहा वर्षे देण्यात आली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गिंकोमुळे स्मृतिभ्रंश टळला नाही.

ब्राह्मीबद्दल आपल्याकडे आदर आहे, आणि तिच्यावर आधुनिक पद्धतीने संशोधनही झाले आहे. काही लहान चाचण्यांत, सुमारे बारा आठवडे नियमित घेतल्यावर, आठवण्याच्या काही कसोट्यांवर माफक सुधारणा दिसली. काहींना पोटात कळा व मळमळ यांचा त्रासही झाला. 'माफक' आणि 'लहान चाचण्या' हे दोन शब्द जाहिरातीत मात्र गळून पडतात.

जाहिरातींवरून आठवले. आपल्या देशाच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये 'अनुसूची जे' नावाची एक यादी आहे. त्या यादीतील विकार आमच्या औषधाने टळतात किंवा बरे होतात असा दावा औषधाने करू नये, असा नियम आहे. मेंदूची क्षमता वाढवणे व स्मरणशक्ती सुधारणे यांचा त्या यादीत स्पष्ट उल्लेख आहे. असे दावे लोकांना किती सहज भुलवतात, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते. म्हणूनच पुष्कळ उत्पादने 'पूरक आहार' या नावाखाली येतात आणि 'मेंदूच्या आरोग्यास साहाय्यक' अशा मोघम शब्दांत बोलतात. पाकिटावरील शब्द मोघम असले, की त्यामागचा पुरावाही बहुधा तसाच असतो.

आजाराचे औषध निरोगी माणसाने घ्यावे काय?

डोनेपेझिल हे औषध मात्र वेगळ्या पंक्तीतले आहे. अल्झायमर आजारासाठी त्याला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचे एक रसायन स्मरणाच्या कामी येते. अल्झायमरमध्ये ते कमी पडते. डोनेपेझिल त्याचे विघटन रोखते, म्हणून आहे ते अधिक काळ पुरते. आजार त्याने थांबत नाही, पण काही रुग्णांचे दैनंदिन व्यवहार काही काळ थोडे सावरतात. निदान झालेल्या रुग्णाला तज्ज्ञाने ते दिले असेल, तर हा लेख वाचून ते बंद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न निरोगी किंवा किंचित विसराळू माणसाचा आहे. २००२ साली अमेरिकेतील एका अभ्यासात सरासरी ५२ वर्षे वयाच्या १८ वैमानिकांना विमानोड्डाणाच्या नकली यंत्रावर प्रशिक्षण देण्यात आले. ज्यांना महिनाभर डोनेपेझिल मिळाले, त्यांनी शिकलेले कौशल्य अधिक चांगले टिकवले. या छोट्या अभ्यासाने मोठ्या आशा निर्माण केल्या. नंतर विस्मरणाची सौम्य पण निश्चित तक्रार असलेल्या ७६९ व्यक्तींवर तीन वर्षांची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००५ मध्ये आला. डोनेपेझिल घेणाऱ्या गटात पहिल्या वर्षी आजाराकडे होणारी वाटचाल मंदावल्यासारखी दिसली, परंतु तीन वर्षांअखेर दोन्ही गटांत फरक उरला नाही. त्याच वर्षी गॅलँटामिन या त्याच कुळातील औषधाच्या सौम्य विस्मरणावरील चाचण्यांत, औषध घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक झाल्याचे आढळले आणि त्याबद्दल इशारा देण्यात आला.

या कुळातील औषधांनी मळमळ, जुलाब, भूक मंदावणे, विचित्र स्वप्ने पडणे असे त्रास होऊ शकतात. नाडीची गती कमी होऊन चक्कर येऊ शकते. उतारवयात चक्कर म्हणजे पडणे, आणि पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे, हा प्रवास फार छोटा असतो. आजारी माणसासाठी लाभ आणि धोका यांची तुलना करून हे औषध देता येते. निरोगी माणसाच्या बाबतीत तराजूच्या लाभाच्या पारड्यात ठेवायला फारसे काही नसते.

नातवंडांची गोळी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी काही मुले जागरणासाठी व एकाग्रतेसाठी दोन औषधांकडे वळतात. मोडाफिनिल हे दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारावरचे औषध आहे. मिथाइलफेनिडेट हे लक्ष एकाग्र न होण्याच्या व अतिचंचलतेच्या विकारासाठी दिले जाते. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मिथाइलफेनिडेट तर अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखाली येते. तरीही मित्राकडून, ओळखीच्या दुकानातून किंवा इंटरनेटवरून ती मिळवली जातात. हा प्रकार केवळ मुलांत आहे असेही नाही. २००८ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेने आपल्या वाचकांना विचारले, तेव्हा ६० देशांतील १,४०० जणांनी उत्तरे दिली आणि त्यांतील पाचांपैकी एकाने आजार नसताना अशी औषधे घेतल्याचे सांगितले.

त्यांचा उपयोग होतो काय? मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी ४० निरोगी तरुण-तरुणींना एक कोडे दिले. ठरावीक वजनापलीकडे न जाता पिशवीत अधिकाधिक किमतीच्या वस्तू कशा भराव्यात, असे ते कोडे होते. औषध घेतल्यावर त्यांनी वेळ अधिक घालवला, खटपटही अधिक केली, पण त्या खटपटीचा दर्जा घसरला. औषधाविना जे सरासरीहून चांगले होते, त्यांची घसरण ठळक होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे सार आजी-आजोबांनी नातवंडांना अवश्य सांगावे: उत्साह वाढला म्हणजे अक्कल वाढली असे होत नाही.

झोप उडणे, छातीत धडधड, रक्तदाब वाढणे, चिंता, भूक मरणे हे त्रास आहेतच. मोडाफिनिलमुळे क्वचित त्वचेवर जीवघेणी ॲलर्जी उठते. आणि ज्या झोपेची चोरी होते, त्याच झोपेत दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होत असते. यात न्यायाचाही प्रश्न आहे. वर्गातील चार मुले गोळी घेऊ लागली, की उरलेल्या चाळिसांना आपण मागे पडू अशी भीती वाटते. मग ती गोळी कोणाच्याच स्वतंत्र निवडीची राहत नाही. ज्या घरात महाग गोळी परवडत नाही, त्या घरातील मुलावर तर दुहेरी अन्याय होतो.

नातवाच्या टेबलावर असे पाकीट दिसले, तर आरडाओरडा करू नये. त्याला किती तास झोप मिळते आणि कोणाच्या अपेक्षेचे ओझे तो वाहतो आहे, हे आधी विचारावे. घरात हे विचारायला सवड आणि अधिकार दोन्ही बहुधा आजी-आजोबांकडेच असतात.

डब्यातील वजाबाकी

आता ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्याकडे येऊ, कारण या लेखातील सर्वांत उपयुक्त गोष्ट तिथे आहे. डोनेपेझिल ज्या ॲसिटिलकोलीनला जपते, त्याच रसायनाला अडवणारी अनेक साधी औषधे आपण सहज घेतो. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन, खाजेसाठीचे हायड्रॉक्सिझिन, पोटातील कळांवरचे डायसायक्लोमिन, नसांच्या दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी दिलेले अमिट्रिप्टिलीन, लघवीची घाई आवरण्यासाठीचे ऑक्सिब्युटिनिन आणि हातांच्या कंपासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल ही त्यांतील काही नावे. तरुण माणसाला त्यांनी फक्त तोंड कोरडे पडते. ज्येष्ठांना त्यांनी गोंधळल्यासारखे होऊ शकते, आणि अशी दोन-तीन औषधे एकत्र आली तर स्मृतिभ्रंशाचाच भास होतो.

झोपेसाठी व चिंतेसाठी वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या हा दुसरा मोठा गट. रात्रीची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते, पाय अडखळतात, सांगितलेले लक्षात राहत नाही. ज्येष्ठांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची एक यादी डॉ. मार्क बिअर्स या अमेरिकन वैद्यांनी १९९१ साली केली. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते आणि वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक औषधे तिच्यात आहेत.

एक उदाहरण देतो. ७४ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना त्यांच्या सूनबाई 'स्मृतिभ्रंशाची गोळी' मागण्यासाठी घेऊन आल्या. मी घरातील सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितली. पिशवीतून रात्रीचे अल्प्राझोलाम निघाले. हिवाळ्यात सर्दीसाठी सुरू झालेली आणि मग कधी बंदच न झालेली गोळी निघाली. पायांच्या जळजळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेले अमिट्रिप्टिलीन निघाले. आणि तिसऱ्या कोणाच्या सल्ल्याने आणलेली स्मरणशक्तीची कॅप्सूलही निघाली. रक्तात ब-१२ जीवनसत्त्व बरेच कमी होते. सर्दीची गोळी थांबवली, बाकीची दोन औषधे काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवली, ब-१२ ची इंजेक्शने दिली. तीन महिन्यांनी बाई पुन्हा शब्दकोडे सोडवू लागल्या. प्रत्येक वेळी इतके चांगले घडत नाही. काहींमध्ये सगळी वजाबाकी करूनही आजार उरतोच. परंतु वजाबाकी केल्याशिवाय तो खरा किती आहे हेच कळत नाही.

कधी कधी औषधच औषधाला जन्म देते. डोनेपेझिलमुळे काहींना लघवीची घाई होते. तिला नवा आजार समजून ऑक्सिब्युटिनिन सुरू होते. आता एक गोळी रसायन वाढवते आणि दुसरी त्याच रसायनाला अडवते. रुग्णाच्या वाट्याला दोन्हींचे त्रास येतात आणि लाभ मात्र जवळपास कशाचाच मिळत नाही.

औषधांखेरीज आणखी काही गोष्टी मेंदूवर धुके पसरवतात. शाकाहारी माणसांत व मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ कमी होण्याचा संभव अधिक असतो. थायरॉइड मंदावणे, रक्तातील सोडियम उतरणे, साखर वारंवार कमी होणे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, नैराश्य, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणे ही कारणेही शोधावी लागतात. काही आठवड्यांपूर्वी पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त हेदेखील एक कारण असू शकते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या लक्षात काय राहणार? जे कानांपर्यंत पोहोचलेच नाही, ते विसरले असे कसे म्हणावे? आणि तरतरीसाठी संध्याकाळी सहानंतर घेतलेला कडक चहा, त्यामुळे उडालेली झोप, त्या झोपेसाठी गोळी आणि गोळीच्या गुंगीवर सकाळी पुन्हा चहा, हे चक्रही पुष्कळ घरांत फिरते आहे.

ब-१२ कमी असताना ते घेणे हा उपचार आहे. ते पुरेसे असताना आणखी घेतल्याने बुद्धी वाढत नाही.

गोळी कोणासाठी?

शेवटी नीतीचा प्रश्न. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये आपल्या सदस्यांना असा सल्ला दिला की, निरोगी प्रौढाने बुद्धिवर्धनासाठी औषध मागितले तर ते लिहून देणे डॉक्टरांना बंधनकारक नाही आणि निषिद्धही नाही. म्हणजे निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांच्या विवेकावर सोडला आहे. आपल्या घरांत मात्र या दोघांच्या मध्ये कुटुंब असते. म्हणून गोळीसंबंधीचा पहिला प्रश्न मी असा विचारतो: ही कोणासाठी हवी आहे?

आईने तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला, की ऐकणाऱ्याचा संयम संपतो. काळजीवाहकाचा हा थकवा खरा आहे आणि त्याला मी कधी दोष देत नाही. परंतु थकव्याचा इलाज काळजीवाहकाला विश्रांती मिळणे हा आहे, आईला गोळी देणे हा नाही. आठवड्यातून दोन दुपारी भावंडांनी किंवा शेजाऱ्यांनी जबाबदारी वाटून घेतली, तर घरातील वातावरण कोणत्याही कॅप्सूलपेक्षा अधिक निवळते.

दुसरा प्रश्न संमतीचा. वडील नको म्हणतात म्हणून गोळी कुटून वरण-भातात मिसळण्याचा प्रकार प्रेमापोटी होतो, हे मला ठाऊक आहे. पण काही गोळ्या कुटल्याने त्यांची मात्रा बिघडते. दोन माणसांनी नकळत दोनदा दिल्याच्या घटना होतात. आणि एकदा संशय आला, की वडील ताटालाच हात लावत नाहीत. आजार पुढे गेलेला असेल आणि औषध अत्यावश्यक असेल, तर असा निर्णय कुटुंबाने डॉक्टरांशी उघड चर्चा करून आणि त्याची नोंद ठेवून घ्यावा. विस्मरण सुरू झाले म्हणून माणसाचे मत संपत नाही. नाव विसरणारी आई आपल्याला काय नको आहे हे पुष्कळ काळ अचूक सांगू शकते.

तिसरा प्रश्न नाजूक आहे. 'मृत्युपत्रावर सही व्हायची आहे, त्या दिवशी डोके ताळ्यावर राहील असे काही द्या' अशी मागणी होते. एका दिवसापुरती समज आणून देणारी गोळी नाही, आणि उत्तेजक औषधाने आलेली तरतरी म्हणजे समज नव्हे. सही करणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे कळते की नाही, याची डॉक्टरांनी शांतपणे तपासणी करावी. दिवसातील ज्या वेळी, बहुधा सकाळी, त्यांचे मन निवळलेले असते ती वेळ निवडावी. समज उरलेली नसेल तर सही घेऊ नये. म्हणूनच माझा सर्व ज्येष्ठ वाचकांना आग्रह आहे की, हे व्यवहार प्रकृती ठणठणीत असतानाच पुरे करावेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार, पुढे मानसिक आजार उद्भवल्यास आपली शुश्रूषा कशी व्हावी आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते. स्मरणाचे विकारही या कायद्याच्या व्याख्येत येतात.

आता काय करावे?

क्रम असा ठेवावा.

१. घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यावीत. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, जीवनसत्त्वे, सर्दीची गोळी, झोपेची गोळी, शेजाऱ्यांनी दिलेली पुडी, काहीही वगळू नये.

२. प्रत्येक औषधाबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात: हे कशासाठी सुरू झाले, ते कारण अजून आहे काय आणि हे थांबवता किंवा कमी करता येईल काय.

३. झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नयेत. त्याने तळमळ, कंप आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात.

४. रक्तातील ब-१२, थायरॉइड, साखर, सोडियम यांची तपासणी तसेच कान व डोळे यांची तपासणी करून घ्यावी.

५. गोंधळ दोन-तीन दिवसांत अचानक वाढला असेल, तर तो वयाचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

६. एवढे करूनही विस्मरण वाढत असेल, तर मज्जाविकारतज्ज्ञांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. स्मरणासाठी औषध सुरू झालेच, तर त्याची मुदत आधी ठरवावी. काही महिन्यांनी लाभ दिसला नाही, तर ते चालू ठेवावे काय, हे पुन्हा विचारावे.

बेरजेसाठीही काही आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये असे मांडले की, जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश १४ बदलता येण्याजोग्या कारणांशी निगडित आहे. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, घातक कोलेस्टेरॉल, बहिरेपण, अधू दृष्टी, धूम्रपान, मद्यपान, बैठी जीवनशैली, नैराश्य आणि एकाकीपण यांचा समावेश आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया न लांबवणे, श्रवणयंत्र लाजेखातर कपाटात न ठेवता कानात घालणे, रोज अर्धा तास चालणे आणि चार माणसांत मिसळणे या गोष्टी एकेकट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात. मेंदूसाठी आज आपल्या हाती असलेले सर्वांत भरवशाचे उपाय मात्र हेच आहेत.

येत्या रविवारी घरातील औषधांचा डबा उघडावा. ज्येष्ठांना शेजारी बसवून, त्यांना विचारत विचारत एकेक पाकीट बाहेर काढावे आणि प्रत्येकाचे नाव वहीत लिहावे. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. स्मरणशक्तीच्या गोळीचा विषय त्यानंतर काढायला हरकत नाही. पुष्कळदा तो काढण्याची गरजच उरत नाही.